नवरदेवाआधी भटू

भटू, तुझ्या उत्तरकार्याच्या, म्हणजे गंधमुक्तीच्या, पंगतीला आचारी सांगायचा होता, त्या दिवशी मी आपल्या दुकानातले सगळे फोटो पुसून टाकले.

सगळे म्हणजे सगळे. डिंडोली, नवागाम, उधना, जिथं जिथं आपण मांडवात केबलींना अडखळत फिरलो तिथली लग्नं, हळदी, जावळं, डोहाळजेवणं, शिवाय रिंगरोडच्या मार्केटचे साड्यांचे कॅटलॉग. चोरी झाली नाही, आग लागली नाही, व्हायरस आला नाही. डाव्या हातात चहाचा कप होता आणि उजव्या हाताच्या एका बोटानं मी एंटर दाबलं.

तुला कॉम्प्युटरची भाषा ऐकायचा कंटाळा, म्हणून तुला कळेल असं सांगतो. दुकानात दोन डिस्का. एक भरलेली, एक बॅकअपची. बॅकअपची मी आदल्याच दिवशी साफ केली होती, कारण ती मला नव्या पद्धतीनं लावायची होती. जुनी पद्धत काही वाईट नव्हती, पण तू मला ओळखतोस. लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजऐवजी मी टाकलेल्या त्या फुकटच्या सिस्टीममध्ये, एक आज्ञा असते. तिला सांगायचं, ह्या डिस्कसारखी ती डिस्क कर, आणि इथं नसेल ते तिथूनही काढून टाक. पहिलं नाव कुणासारखी, दुसरं नाव कुणाला. मी नावं उलटी टाकली. कॉम्प्युटरनं विचारलं नाही, कुरकुर केली नाही. रिकाम्या डिस्कसारखी भरलेली डिस्क करून दिली. आणि इतक्या झटपट करून दिली की मी चहाचा घोट घेत मनाशी म्हटलं, वा, लिनक्स ते लिनक्स.

तू असतास तर आधी मांडीवर थाप मारून हसला असतास. मग म्हणाला असतास, "रतन्या, आता गिऱ्हाईकाला काय सांगायचं ते मी बघतो. तू फक्त तोंड उघडू नको." इतकी वर्षं आपली भागीदारी अशीच चालली. चूक माझी, तोंड तुझं. ह्या वेळी चूक माझ्याकडे आहे आणि तोंड नाही.

खरं तर मला एकच फोटो हवा होता. तुझा.

मंगलवहिनींनी मागितला होता. दहाव्याच्या गडबडीत त्या ओट्यावर आल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "भाऊजी, गंधमुक्तीला गावाकडची माणसं येतील. ठेवायला फोटो पाहिजे. घरात एक आधारचा आहे, त्यात हे चोरासारखे दिसतात. दुसरा लग्नातला आहे, त्यात ओळखू येत नाहीत. तुमच्याकडे तर ढीग असेल."

मी म्हटलं, "ढीग आहे वहिनी. काळजी करू नका."

ढीग! माणूस किती सहज बोलून जातो. तुझ्या मोबाईलमध्ये तू नव्हतास. त्यात साड्या, मीटरचे आकडे, कुणाकुणाच्या बारशाच्या पत्रिका आणि मी झोपलेला असताना काढलेले माझे फोटो. डीपीला कानबाई देवी. पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये तू होतास, पण अर्धा कान, एक खांदा, नाही तर छत्रीचा दांडा धरलेला हात. लाईटची छत्री धरणारा माणूस कुणाच्या फोटोत येतो?

आता ह्यावर शहाण्या माणसानं काय करावं? फोल्डर उघडावेत आणि शोधावं. मी काय केलं? मी ठरवलं, शोधण्याआधी सगळं एकदा व्यवस्थित लावून घेऊ. बॅकअप घेऊ. मग चेहरे ओळखणारं एक सॉफ्टवेअर आहे ते टाकू. मग त्याला भटू दाखवू, म्हणजे ते आपोआप सगळे भटू काढून देईल. एका माणसाचा फोटो शोधायला मी अख्खा कारखाना उभारायला निघालो, आणि पहिल्याच विटेला भिंत पाडली.

एंटर दाबल्यावर बराच वेळ मी फोल्डर उघडत होतो आणि बंद करत होतो. रिकामं. रिकामं. शेजारच्या गाळ्यातलं जरीचं मशीन खडखड चालू होतं. मग मी नेहमीसारखा फोन उचलला आणि तुझा नंबर लावला. लागला की! वहिनींनी उचलला. मी म्हटलं, "काही नाही वहिनी, आचाऱ्याचं विचारायचं होतं."

*

हे लिनक्सचं वेड मला लागलं कसं, ह्यावर आपलं कधी एकमत झालं नाही. तू सगळ्यांना सांगायचास की रतनला फुकट मिळालेलं काहीही आवडतं. मी सांगायचो की तू चोरबाजारातून आणलेल्या सीडीमुळं. आठवतंय? दुकानाचा पहिला कॉम्प्युटर बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणला होता, त्यात चोरीचं विंडोज, त्यावर चोरीचा फोटोशॉप. एके दिवशी एका नवरीचा अल्बम अर्धा झाला असताना सगळ्या फाइलींची नावं बदलून चिनी का जपानी झाली. तू गिऱ्हाईकाला सांगितलंस की अल्बम मुंबईला छपाईला गेलाय. मग मी यूट्यूबवर बघून बघून लिनक्स टाकलं. पहिल्यांदा टाकलं तेव्हा आवाज गेला. दुसऱ्यांदा प्रिंटर गेला. तिसऱ्यांदा सगळं चाललं, फक्त मराठी अक्षरं तुटून दिसायची, आणि "चि. सौ. कां." लिहिलेलं वाचायला डोकं तिरपं करावं लागायचं.

तू माझ्या खांद्यावरून बघायचास. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं भराभर पळतायत.

"हे काय चाललंय?"

"इन्स्टॉल होतंय."

"कुठं होतंय? मला तर एसटीचं वेळापत्रक दिसतंय."

आपण घरात अहिराणी बोलायचो, दुकानात मराठी, मार्केटात गुजराती, आणि भांडताना हिंदी. लिनक्सवरची आपली सगळी भांडणं हिंदीत झाली. त्याच्या चिन्हावर पेंग्विन आहे, तो तुझ्या डोळ्यांत खुपायचा. "तेरा ये पेंग्विन दुकान डुबायेगा," हे तू कितीदा म्हणालास ह्याची मोजदाद नाही.

आणि एकदा त्यानं जवळजवळ डुबवलंच. साड्यांचा कॅटलॉग होता, दिवाळीनंतरचा माल. मी नुकतंच सगळं नवीन टाकलं होतं आणि स्क्रीनचा रंग जुळवायचा राहून गेला होता. माझ्या पडद्यावर साड्या राणी रंगाच्या दिसत होत्या. शेठच्या मोबाईलवर त्या गेल्या तेव्हा त्यांचा रंग काय झाला ते शेठनंच सांगितलं. भर दुकानात, गादीवर बसून, चार दलालांच्या समोर.

"रतनभाई, आ शुं छे? में राणी कलर मोकल्यो हतो. आ तो गाजर छे!"

मी स्क्रीनचं प्रोफाइल समजावून सांगायला तोंड उघडलं. तू माझा पाय दाबलास आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "शेठ, शियाळो छे. गाजर पण वेचाई जशे."

हिवाळा आहे, गाजरंही खपतील! मग शेठचं पोट हलायला लागलं, मग दलाल हसले, मग आपल्यासाठी चहा आला. काम पुन्हा करून द्यायची मुदत मिळाली. बाहेर आल्यावर पुलाखाली गाडी उभी करून तू मला जे काही सुनावलंस ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालास, "तुझं मशीन राहू दे. रंग मी बघतो."

आणि दुसऱ्या दिवशी खिशात पांढराशुभ्र रुमाल घेऊन आलास. कुणीतरी सांगितलं होतं तुला की कॅमेऱ्याला आधी पांढरं दाखवलं की तो बाकीचे रंग नीट ओळखतो. त्यासाठी राखाडी कार्ड मिळतं, पण तू म्हणालास, रुमाल घामही पुसतो, कार्ड पुसतं का? तेव्हापासून प्रत्येक मांडवात तेच. लाईट लावून झाल्या की नवरा-नवरीच्या खुर्चीत आधी तू जाऊन बसायचास, रुमाल हनुवटीखाली धरायचास, मी चार-सहा फोटो काढून उजेड आणि रंग जुळवायचो, मग तू उठायचास आणि नवरदेव यायचा. वहिनींना तू ताकीद दिली होतीस की ह्या रुमालाला नीळ लावायची नाही. एकदा त्यांनी सवयीनं लावली, आणि आपल्याला कळलंच नाही. निळसर रुमालालाच पांढरा समजून कॅमेऱ्यानं अख्खं लग्न कावीळ झाल्यासारखं पिवळं काढलं. तू मुलीच्या बापाला सांगितलंस, "काका, हळद अंगी लागली पोरीच्या." तो बिचारा खूश झाला.

तुझ्याइतकं बेशरमपणे आणि प्रेमानं खोटं बोलणारा माणूस मी पुन्हा पाहणार नाही.

*

लॉकडाऊननंतर आपला धंदा बसला हे आपण दोघांनी वेगवेगळ्या तऱ्हेनं मान्य केलं. तू एका ठेकेदाराकडून इच्छापोरला कारखान्यात कामाला लागलास. मी दुकानात बसून नवीन लिनक्स टाकलं.

तू फक्त रविवारी यायचास, आणि लग्नाच्या तारखांना. प्लास्टिकची खुर्ची उलटी करून बसायचास, हेल्मेट मांडीवर, आणि विचारायचास, "बोल, ह्या आठवड्यात काय मोडलं?"

काहीतरी मोडलेलं असायचंच. कधी स्कॅनर, कधी पडद्याची चमक, कधी सगळं मशीन. मी तुला दाखवायचो, तू काही न कळता सल्ले द्यायचास. "बंद करून चालू कर." "वायर हलव." "त्याला शिवी दे." आणि बऱ्याचदा ते चालायचं. मग खमण यायचं, मग तुझ्या शिफ्टच्या गोष्टी. सुपरवायझर कसा बोलतो, कॅन्टीनची डाळ कशी आहे. संध्याकाळ झाली की तू हेल्मेट चढवायचास.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. काही शनिवारी सगळं ठीकठाक चालू असायचं, भटू. प्रिंटर चालू, आवाज चालू, रंग बरोबर. मग मी काहीतरी नवं टाकायचो. जे चालू आहे त्याला हात लावायचा नसतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण उद्या तू येणार आणि विचारणार, काय मोडलं, आणि मी काय सांगणार? काही नाही? मग तू चहा पिऊन अर्ध्या तासात उठला असतास.

लोकांना वाटतं मला कॉम्प्युटरची हौस आहे.

ह्याच काळात मी ती स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लावून दिलेली सवय. कॅमेऱ्याचं कार्ड घातलं की फोटो आपोआप उतरायचे, तारखेनं नावं पडायची, हललेले बाजूला व्हायचे, आणि मांडवातले सुरुवातीचे टेस्ट शॉट सरळ उडायचे. मला तिचा फार अभिमान होता. मी तुला दाखवली. तू नाक खाजवत बघत राहिलास.

"टेस्ट शॉट म्हणजे माझे?"

"तुझे म्हणजे लाईटचे. तू आपला मध्ये येतोस."

"जुने पण उडाले?"

"जुने तर मी आधीच हातानं उडवले. जागा किती खातात माहीत आहे का?"

तू हसलास. हेल्मेट घातलंस. मला वाटलं विषय संपला. शटरपाशी जाऊन तू वळलास आणि काच वर करून म्हणालास, "रतन्या, विकायचे तेवढेच फोटो ठेवायचे असतात का रे?"

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी सांगतो."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. डिस्कची किंमत, कच्च्या फाइलचा आकार, शोधायला लागणारा वेळ, सगळं मुद्देसूद. मी त्या आठवड्यात ते मनात दोनतीनदा घोळवलंही. एक मुद्दा तर असा होता की तुझं तोंडच बंद झालं असतं.

गुरुवारी कारखान्यातून फोन आला. डॉक्टरांनी काय झालं म्हणून सांगितलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी मान हलवत होतो. ते समजावत होते आणि माझ्या डोक्यात तो मुद्दा घोळत होता. आता तो कुणाला सांगू? भांडण अर्धं ठेवून जायची ही काय रीत झाली?

*

तर डिस्क रिकामी झाली. पण इतक्या वर्षांच्या मोडतोडीतून मला एक गोष्ट शिकायला मिळाली होती. पुसलेलं लगेच जात नाही. कॉम्प्युटर फक्त नावं खोडतो, माल तिथंच पडून राहतो, जोवर त्याच्यावर दुसरं काही येऊन बसत नाही. म्हणून मी त्या डिस्कला हात लावला नाही. लिनक्समध्येच एक उकरून काढणारं सॉफ्टवेअर आहे, ते लावलं, आणि निघेल ते त्या रिकाम्या बॅकअपच्या डिस्कवर भरायला सांगितलं. ती बिचारी शेवटी कामाला आली.

त्या सॉफ्टवेअरची एक खोड आहे. ते फाइली काढून देतं, पण नावं देत नाही. तारीख नाही, फोल्डर नाही, कुणाचं लग्न ते नाही. नुसते आकडे. वर्षानुवर्षांची लग्नं एका पोत्यात घालून ढवळल्यासारखी बाहेर यायला लागली. एक नवरी, मग राणी रंगाची साडी, मग कुणाचं तरी जावळ, मग कुणी तरी आजोबा जिलेबी खाताना, मग पुन्हा तीच साडी गाजर होऊन. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी बघत बसलो. कुणी आलं तर सांगायचो, मशीन चालू आहे. खोटं नव्हतं.

आणि मग तू आलास.

लाल मखमलीची खुर्ची, मागं थर्माकोलचे मोर, आणि मध्ये तू, हनुवटीखाली रुमाल, डोळे मिटलेले. मला आधी वाटलं, हा कसा राहिला? स्क्रिप्टनं तर उडवला होता. मग लक्षात आलं. सॉफ्टवेअरला काय माहीत, परवा चुकून काय पुसलंय आणि गेल्या वर्षी शहाणपणा करून काय पुसलंय. त्याच्या लेखी पुसलेलं ते पुसलेलं. जे जे दबून होतं ते सगळं वर काढत होतं.

त्यानंतर तू येतच राहिलास. प्रत्येक मांडवात, नवरदेवाआधी. सोनेरी सिंहासनावर मांडी घालून. प्लास्टिकच्या हंसांच्या मध्ये. नवरीच्या खुर्चीत, रुमाल डोक्यावर घेऊन, लाजत. एका ठिकाणी तू जांभई देतोयस, एका ठिकाणी मला मूठ दाखवतोयस, एका ठिकाणी नुसताच रुमाल आहे आणि तू कुणाला तरी खुर्ची हलवू नका सांगायला बाजूला वळलायस. काही फोटो अर्धेच निघाले, वर तू आणि खाली सपाट राखाडी पट्टा, जणू तुला पाण्यात उभं केलंय. केस काळे, मग कानाशी पांढरे, मग पुन्हा काळे, कारण क्रम नव्हता. तू म्हातारा व्हायचास आणि पुढच्याच फोटोत तरुण.

बाकी सगळ्या फोटोंत तू माझ्याकडे बघत होतास. कॅमेऱ्याकडे नव्हे, कॅमेऱ्याच्या जरा वर, मी भिंगावरून डोळा उचलून स्क्रीन बघतो तेव्हा माझा चेहरा असतो तिथं. इतकी वर्षं मी त्या वेळी उजेड बघत होतो.

चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर मग मी लावलंच. त्यानं पहिला चेहरा समोर धरला आणि विचारलं, हा कोण? मी टाइप केलं, भटू. मग त्यानं धडाधड विचारायला सुरुवात केली. हा भटू आहे का? हो. हा? हो. हा? हो. मोराचा पिसारा भटू आहे का? नाही. बँडवाला? नाही. हा? हो. किती दिवसांनी कुणी तरी माझ्याशी फक्त तुझ्याबद्दल बोलत होतं. मी दुसरा चहाही सांगितला नाही, उगाच मध्ये खंड नको.

मग एका लग्नातल्या आरशातला फोटो आला. कॅमेरा खाली घेतलेला माणूस, थकलेला, कानाशी पांढरा. हा भटू आहे का?

तो मी होतो. एकाच न्हाव्याकडे जन्म गेला की असं होत असेल. मी बराच वेळ बोट ठेवून बसलो. मग "नाही" दाबलं. मशीन सभ्य असतं अशा बाबतीत. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

*

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी दुपारी लॅपटॉप घेऊन तुझ्या घरी गेलो. गावाकडची पुरुषमंडळी बाहेर ओट्यावर बसली होती. आत खाटेवर तुझी माय, खाली वहिनी गहू निवडत. डिस्क पुसल्याचं मी सांगितलं नाही. तू असतास तर नीट सांगितलं असतंस, अल्बम मुंबईला गेलाय म्हणून.

मी माझ्या मते तयारी करून गेलो होतो. त्या ढिगात तुझा एक, फक्त एकच, मी मुद्दाम काढलेला फोटो निघाला होता. आपण नवीन लाईट घेतली तेव्हा तुला दुकानात बसवून काढलेला. चेहरा तिरपा, उजेड एका बाजूनं, मागं पडद्यावरचं तळं आणि डोंगर. त्याच्यावर मी डोळे लाल होईपर्यंत काम केलं होतं. सुरकुत्या काढल्या, रंग उजळला, ओठांना जरा लाली. तो मी आधी उघडला आणि स्क्रीन मायकडे वळवली.

माय पुढं वाकली. चष्मा वर केला, खाली केला.

"हाऊ कोन शे रे?"

"माय, भटू."

"मना भटू?" तिनं बोट थेट स्क्रीनला लावलं. "तोंडले काय लायं याना?"

मी म्हटलं, "तोंडाला काही लावलेलं नाही, लाईट आहे माय."

वहिनींनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. त्या चांगल्या स्वभावाच्या आहेत, हे तू मला लग्नाआधीच सांगितलं होतंस. त्या नुसत्या सुपाकडे बघत राहिल्या. मी घाईनं पुढचं बटण दाबलं आणि खुर्चीतला तू आलास, मोरांच्या मध्ये, जांभई देत.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. सूप बाजूला ठेवून त्या लॅपटॉपजवळ सरकल्या. "हा माझा रुमाल. हे लग्नात जाऊन असलं करायचे?"

"रंगासाठी वहिनी. पांढरा दाखवला की कॅमेरा—"

"पुढचा दाखवा."

मी पुढचा दाखवला. मग त्याच्या पुढचा. नवरीच्या खुर्चीतला तू आलास तेव्हा माय इतकी हसली की तिला खोकला आला, आणि ओट्यावरच्या पाहुण्यांनी आत डोकावून बघितलं. मग हसताहसताच ती डोळ्याला पदर लावून भिंतीकडे तोंड करून बसली. वहिनी हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. एकेक फोटो बघत राहिल्या. त्यांना मी कधी इतकं लक्ष देऊन काही बघताना पाहिलं नव्हतं. एका फोटोवर त्यांनी माझा हात धरून थांबवला.

लाल खुर्ची. रुमाल गुडघ्यावर पडलेला. तू पुढं वाकलायस, तोंड उघडं, माझ्याकडे बघून काहीतरी बोलतोयस. काय ते मला माहीत आहे. "झालं का, का नवरदेवाची वरात परत पाठवू?" डोळ्यांत तेच, शेठला गाजर सांगताना होतं ते.

"हाच," वहिनी म्हणाल्या.

"हाऊ शे मना भटू," माय भिंतीकडूनच म्हणाली. तिनं वळून बघितलंही नव्हतं.

आता मला गप्प बसायला काय झालं होतं? पण धंद्याची सवय. मी म्हटलं, "वहिनी, हा नको. ह्यात तोंड उघडं आहे. फोकस खुर्चीवर आहे, चेहऱ्यावर नाही. खाली तो राखाडी पट्टा आलाय. घेतलाच तर मी नीट करून देतो. मागचा मांडव काढतो, निळा पडदा टाकतो, तोंड मिटवतो. कोट-टाय चढवतो, हल्ली सगळे लावतात, फ्रेममध्ये चांगलं दिसतं."

"कोट?"

"फोटोतला हो. खरा नाही."

वहिनींनी लॅपटॉप माझ्या पुढ्यातून हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

"भाऊजी, ह्याला आता हात लावू नका. तुम्ही मन लावून काढता ते फोटो बिघडतात. हा दिवे बघताना चुकून निघालाय, म्हणून बरा आलाय."